लाईट येते, सर्व्हर सुरू होतो, पण शेअर केलेलं फोल्डर रिकामं: माउंट पॉइंटचा वारंवार होणारा घोळ

तक्रार ठरलेल्या दोन शब्दांत येते. "ड्राइव्ह उघडतोय, पण आत काहीच नाही." किंवा, आणि ही जास्त वाईट, "काल सेव्ह केलेलं ड्रॉइंग आज गायब आहे." कोल्हापुरात उद्यमनगरातलं वर्कशॉप असो, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतली फौंड्री असो, नाहीतर राजारामपुरीतलं आर्किटेक्टचं ऑफिस असो, मांडणी बहुतेक ठिकाणी सारखीच असते. कोपऱ्यात एक जुना डेस्कटॉप, त्यावर उबुंटू किंवा डेबियन लिनक्स, लहान डिस्कवर सिस्टिम आणि दुसऱ्या मोठ्या डिस्कवर कामाच्या फाईली. ती मोठी डिस्क सांबामार्फत, म्हणजे लिनक्सवरची फोल्डरं विंडोजला शेअर करणाऱ्या प्रोग्रॅममार्फत, सगळ्या विंडोज मशिनना एक ड्राइव्ह म्हणून दिलेली. मांडणी चांगली आहे, परवडणारी आहे, आणि नीट बांधली तर वर्षानुवर्षं चालते. पण पावसाळा सुरू झाला, दिवसातून दोन-दोनदा लाईट जायला लागली की याच मांडणीत हा घोळ पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो.

बरेच जण सर्व्हर पुन्हा सुरू करतात, फाईली दिसायला लागतात आणि विषय तिथंच संपतो. तो संपलेला नसतो. त्या मधल्या तासाभरात लोकांनी जे काम सेव्ह केलं, ते कुठं गेलं हे कुणी विचारतच नाही.

कमांडींची नावं खाली आपण बोलतो तशी लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची.

नेमकं काय होतं

लिनक्समध्ये डिस्कला स्वतःचं असं ठिकाण नसतं. आधीपासून असलेल्या एखाद्या फोल्डरवर ती जोडावी लागते. ते फोल्डर म्हणजे माउंट पॉइंट. समजा ते "/एसआरव्ही/ड्रॉइंग" आहे. हे फोल्डर मुळात सिस्टिमच्या लहान डिस्कवर, रिकामं, पडून असतं. मोठी डिस्क त्यावर माउंट झाली की त्याच वाटेनं मोठ्या डिस्कवरच्या फाईली दिसतात. फरशीवर सतरंजी अंथरावी तसं हे आहे: सतरंजीवरचं तेवढं दिसतं, फरशीवर काही राहिलं असेल तर ते झाकलं जातं, नाहीसं होत नाही.

आता लाईट गेली आणि आली. मोठी डिस्क कुठल्याही कारणानं माउंट झाली नाही. पण फोल्डर तर जागेवर आहेच. सांबाला माउंट वगैरे काही कळत नाही, त्याला फक्त वाट दिलेली असते. वाट सापडली, त्यानं ती लोकांना दिली. पहिला माणूस उघडतो, फोल्डर रिकामं. तो म्हणतो, "असू दे, आपल्या मशिनवरची फाईल पुन्हा टाकू." ती फाईल लहान डिस्कवर जाते. दुपारी कुणीतरी सर्व्हर बंद-चालू करतं, मोठी डिस्क या वेळी माउंट होते, आणि सकाळचं सगळं काम सतरंजीखाली जातं.

शिरोलीतल्या एका फौंड्रीत हे झालेलं मी पाहिलं आहे, आणि तेव्हापासून या विषयाकडे मी हलक्यानं बघत नाही. गिऱ्हाइकानं एका हाउसिंगच्या कास्टिंगमध्ये बदल सांगितला होता. डिझाइनरनं सकाळी नवी रिव्हिजन करून शेअरवर ठेवली. दुपारी सर्व्हर पुन्हा सुरू झाला. मशीन शॉपमधल्या ऑपरेटरनं ड्रॉइंग उघडलं तर त्याला जुनी रिव्हिजन मिळाली, कारण मोठ्या डिस्कवर तीच होती. फाईलचं नाव तेच, फोल्डर तेच, चूक कळायला काही मार्गच नाही. बोअर जुन्या मापाला झाला. डिझाइनर शपथेवर सांगत होता, "मी सकाळीच बदललंय की हो!" आणि तो खरंच बोलत होता. त्याची फाईल सर्व्हरवरच होती, फक्त कुणालाही दिसत नव्हती.

म्हणून या पोस्टमधला आग्रह एकच आहे: डिस्क जागेवर नसेल तर शेअर उघडताच कामा नये, आणि माउंट पॉइंटवर एक बाइटसुद्धा लिहिता येता कामा नये. रिकामं फोल्डर दाखवणाऱ्या सर्व्हरपेक्षा सरळ एरर देणारा सर्व्हर शंभर पटीनं बरा. एरर आली की माणूस फोन करतो. रिकामं फोल्डर दिसलं की माणूस कामाला लागतो.

आत्ता, या क्षणी फोल्डर रिकामं दिसत असेल तर

सर्वांत आधी सांबा बंद करा. सर्व्हर रीस्टार्ट करू नका, सांबाची सेवा थांबवा. डेबियन-उबुंटूवर तिचं नाव "एसएमबीडी", रेड हॅटच्या घराण्यात नुसतं "एसएमबी". लोक चार मिनिटं ओरडतील, ओरडू द्या. एकेक मिनिट चालू ठेवाल तितक्या फाईली चुकीच्या जागी जमा होतील.

मग "फाइंडएमएनटी" कमांडला माउंट पॉइंटची वाट द्या. डिस्क माउंट असेल तर ती कुठल्या पार्टिशनवरून आली, फाईल सिस्टिम कुठली, वाचायची की लिहायचीही मुभा आहे, हे एका ओळीत मिळतं. काहीच उत्तर आलं नाही तर तिथं काही माउंट नाही, निदान झालं. "डीएफ" वर विसंबू नका असं मी मुद्दाम सांगतो. डिस्क माउंट नसेल तर "डीएफ" बिनतक्रार सिस्टिम डिस्कचे आकडे दाखवतं, आणि घाईत बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे.

"एलएसबीएलके" चालवून मोठी डिस्क मशीनला दिसते का ते बघा. यादीत नसेल तर केबल, पॉवर, एसएमपीएस, यूएसबीचं डबडं यांच्याकडे वळा. लाईट परत येताना यूएसबीची डिस्क उशिरा जागी होणं हे फार नेहमीचं कारण आहे. यादीत असेल पण माउंट नसेल तर "डीमेसेज" आणि "जर्नलसीटीएल" मधला मजकूर वाचा. अचानक वीज गेल्यावर फाईल सिस्टिममध्ये गडबड राहिली असेल तर तिथं स्पष्ट लिहिलेलं असतं. "एफएसचेक" चालवायची वेळ आली तर डिस्क माउंट नसतानाच चालवायची. माउंट असलेल्या फाईल सिस्टिमवर ती दुरुस्ती चालवली तर असलेलाही डाटा जाऊ शकतो.

अजून एक प्रकार भेटतो: डिस्क माउंट आहे, फाईली दिसतात, पण सेव्ह होत नाहीत. ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाईल सिस्टिममध्ये चूक आढळली की फक्त-वाचन अवस्थेत जाण्याची सोय असते. विंडोजमधून काढून आणलेली एनटीएफएस डिस्क, फास्ट स्टार्टअप चालू असताना बंद केलेली असेल, तर तीही अशीच वागते. हा वेगळा आजार आहे. यात सर्व्हर निदान खरं बोलतो, त्यामुळे त्याची मला तितकी धास्ती वाटत नाही.

झाकल्या गेलेल्या फाईली बाहेर काढणं

डिस्क व्यवस्थित माउंट झाली की खालच्या फोल्डरमध्ये काय अडकलंय ते बघायचं. त्यासाठी डिस्क पुन्हा काढायची गरज नाही. "/एमएनटी/तळ" असं एक नवं फोल्डर करा आणि "माउंट" कमांडला "बाइंड" हा पर्याय देऊन मूळ फाईल सिस्टिम, म्हणजे नुसती तिरकी रेघ, त्या फोल्डरवर जोडा. साधा "बाइंड" वापरा, "आरबाइंड" नाही. साध्या बाइंडमध्ये वर जोडलेल्या बाकी डिस्क सोबत येत नाहीत, त्यामुळे "/एमएनटी/तळ/एसआरव्ही/ड्रॉइंग" मध्ये गेलात की थेट फरशीच दिसते. तिथं फाईली असतील तर त्याच त्या हरवलेल्या.

त्या सरळ उचलून मोठ्या डिस्कवर टाकू नका. त्याच नावाच्या जुन्या फाईली तिथं असतात, आणि कुठली खरी हे फक्त काम करणाऱ्यालाच माहीत असतं. मोठ्या डिस्कवर "अडकलेल्या फाईली" असं वेगळं फोल्डर करून, तारखेसकट, सगळं तिथं कॉपी करा. "आरसिंक" वापरत असाल तर आधी "एन" पर्याय लावून कोरडी चाचणी घ्या, म्हणजे प्रत्यक्ष कॉपी न होता काय होणार ते नुसतं दिसतं. वेळ आणि मालकी टिकेल असं कॉपी करा, कारण फाईल कधी सेव्ह झाली हाच पुढं निवाड्याचा आधार असतो. मग ज्याचं त्याला दाखवा. ड्रॉइंग, कोटेशन, एक्सेलच्या शीट यांचं हे चहा होईपर्यंत आटोपतं.

टॅलीचा डाटा शेअरवर ठेवलेला असेल तर मात्र जपून. कंपनी दिसत नाही म्हणून कुणी रिकाम्या जागी नवी कंपनी तयार करून दिवसभराची व्हाउचर टाकली असतील, तर त्या फाईली मूळ डाटात मिसळून चालत नाही. ती कंपनी बाजूला उघडून, त्यातल्या नोंदी हिशेबनिसाकडूनच मूळ कंपनीत घालून घ्या. उद्योग लांबतो, पण फाईली एकात एक कालवल्या तर दोन्ही संच हातचे जातील.

सगळं तपासून झाल्यावरच तळाच्या फोल्डरमधल्या फाईली काढायच्या, आणि काढताना वाट दोनदा वाचायची. "/एमएनटी/तळ" ने सुरू होणारी वाट असेल तरच पुढं जा.

सिस्टिम डिस्क अचानक भरते, "डीएफ" शंभर टक्के म्हणतं आणि "डीयू" ला "एक्स" लावून बेरीज केली तर तेवढ्या फाईली सापडत नाहीत, हेही बहुतेक वेळा याच झाकलेल्या फाईलींचं लक्षण असतं. दुसरं कारण म्हणजे पुसलेली पण एखाद्या प्रोग्रॅमनं उघडीच धरून ठेवलेली फाईल. ती "एलएसओएफ" मध्ये सापडते.

दर वेळी हेच का होतं

याचं मूळ बहुतेक ठिकाणी एफएसटॅबमधल्या, म्हणजे कुठली डिस्क कुठं माउंट करायची त्या यादीच्या फाईलमधल्या, एका शब्दात असतं, आणि तो शब्द कुणीतरी चांगल्या हेतूनंच घातलेला असतो. आजच्या लिनक्समध्ये एफएसटॅबमध्ये नोंदलेली डिस्क सुरुवातीला सापडली नाही तर सिस्टिमडी (मशीन सुरू होताना सगळ्या सेवा उठवणारा प्रोग्रॅम) तिची ९० सेकंद वाट बघतं आणि मग मशीन आपत्कालीन अवस्थेत थांबवून रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड मागत बसतं. सर्व्हरला मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, ऑफिसात कुणाला काही कळत नाही. मग देखभाल करणारा माणूस ओळीत "नोफेल" घालतो. आता डिस्क नसली तरी मशीन सुरू होतं. आणि सांबाही सुरू होतो. रिकाम्या फोल्डरसकट.

"नोफेल" वाईट नाही. सर्व्हर दूर असेल तर तो हवाच, नाहीतर आत शिरून बघताही येत नाही. पण "नोफेल" घातला की पुढची कुलपं घालणं ओघानंच आलं, आणि तीच कुणी घालत नाही.

दुसरं कारण म्हणजे डिस्कची नावं. एसडीबी, एसडीसी ही नावं कायमची नसतात. ज्या क्रमानं डिस्क सापडतील त्या क्रमानं ती दिली जातात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांनंतर शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरच्या बाजूनं ज्यांची ऑफिसं तळमजल्यावर आहेत त्यांना हे चांगलंच ठाऊक आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडते तशी सामान वर न्यायची धांदल सुरू होते, आणि ४३ फुटांच्या धोका पातळीपर्यंत सर्व्हर, डिस्क, केबल सगळं वरच्या मजल्यावर पोचलेलं असतं. पाणी ओसरल्यावर खाली आणून जोडताना केबली अदलाबदल होतात. काल जी एसडीबी होती ती आज एसडीसी. एफएसटॅबमध्ये नाव एसडीबी लिहिलेलं असेल तर बॅकअपची डिस्क कामाच्या जागी माउंट होते. म्हणजे फोल्डर रिकामं नाही, जुनं! हे ओळखायला आणखी अवघड.

म्हणून एफएसटॅबमध्ये नाव न लिहिता यूयूआयडी, म्हणजे फाईल सिस्टिमचा न बदलणारा ओळखक्रमांक, लिहा. "बीएलकेआयडी" ती दाखवतं. एक अट लक्षात ठेवा: "डीडी" नं डिस्कची हुबेहूब नक्कल केली असेल तर दोन्ही डिस्कची यूयूआयडी एकच असते. एक्सएफएस ही फाईल सिस्टिम अशी दुसरी डिस्क माउंट करायलाच नकार देतं, ईएक्सटी४ निमूटपणे दोघींपैकी एक माउंट करतं. नक्कल केली की तिची यूयूआयडी बदला, नाहीतर ती डिस्क मशीनमधून काढून कपाटात ठेवा.

तिसरं कारण डेस्कटॉपवाल्या उबुंटूतलं. यूएसबी डिस्क लावली, ती "/मीडिया" खाली वापरकर्त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये आपोआप माउंट झाली, आणि सांबात तीच वाट टाकली. असं करू नका. ते माउंट कुणीतरी लॉगिन केल्यावर होतं, आणि जुनं फोल्डर तिथं शिल्लक राहिलं असेल तर डिस्क पुढं १ लावलेल्या नव्या नावानं येते. शेअर मात्र जुन्याच, रिकाम्या फोल्डरला धरून बसतो. सर्व्हरची डिस्क एफएसटॅबमधूनच माउंट व्हायला हवी.

कुलूप पहिलं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं

एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करा. सांबा थांबवा, मोठी डिस्क अनमाउंट करा, "फाइंडएमएनटी" नं खात्री करा की माउंट पॉइंटवर खरंच काही नाही, आणि "एलएस" नं बघा की ते फोल्डर रिकामं आहे. मग त्या फोल्डरला "सीएचॅटर" कमांडनं "अधिक आय" हा गुणधर्म द्या. याचा अर्थ हे फोल्डर आता अचल झालं. त्यात फाईल करता येत नाही, फोल्डर करता येत नाही, रूटलासुद्धा नाही. "एलएसॅटर" ला "डी" लावून तपासा, आय दिसायला हवा.

आता डिस्क पुन्हा माउंट करा. अचल फोल्डरवर माउंट करायला काहीही अडचण येत नाही, कारण माउंट करताना त्या फोल्डरमध्ये काही लिहिलं जात नाही. आणि माउंट झालेल्या डिस्कवर या कुलपाचा काडीचाही परिणाम नाही. डिस्क आहे तोवर सगळं नेहमीसारखं. डिस्क गेली की खालचं कुलूपबंद फोल्डर उघडं पडतं आणि लिहायचा प्रयत्न करणाऱ्याला ताबडतोब नकार मिळतो. चालू असताना यूएसबीची डिस्क मधेच निसटली तरीसुद्धा हेच होतं, आणि बाकीची कुलपं तिथं कमी पडतात. म्हणून हे पहिलं.

चुकायची जागा एकच. डिस्क माउंट असताना ही कमांड दिलीत तर कुलूप डिस्कच्याच मुख्य फोल्डरला लागतं आणि लोकांना तिथं नवं फोल्डर करता येत नाही. तसं झालं तर "वजा आय" देऊन काढा, अनमाउंट करा आणि पुन्हा द्या.

फक्त परवानग्या शून्यावर आणून हे काम होत नाही. रात्रीचा बॅकअप बहुतेक ठिकाणी रूट म्हणून चालतो, आणि रूटला त्या परवानग्यांचं बंधन नसतं.

सांबासाठी आणखी दोन गोष्टी

माउंट पॉइंटच शेअर करू नका. मोठ्या डिस्कवर आत एक फोल्डर करा, "काम" म्हणा, आणि शेअरची वाट "/एसआरव्ही/ड्रॉइंग/काम" अशी द्या. डिस्क माउंट नसेल तर "काम" नावाचं काही अस्तित्वातच नसतं, आणि विंडोज मशिनवर नेटवर्कचं नाव सापडत नाही अशी एरर येते. आपल्याला तीच हवी आहे.

त्यावर सांबाच्या सेटिंगमध्ये त्या शेअरखाली "रूट प्रीएक्झेक" मध्ये "माउंटपॉइंट" ही कमांड "क्यू" पर्यायासह आणि माउंट पॉइंटची वाट देऊन लिहा, आणि "रूट प्रीएक्झेक क्लोज" ला "येस" करा. कुणी शेअर उघडताना सांबा ती कमांड चालवतो, तिथं डिस्क जोडलेली नसेल तर कमांड अपयश कळवते आणि सांबा जोडणीच नाकारतो. बदल केल्यावर "टेस्टपार्म" चालवून स्पेलिंग तपासा.

सिस्टिमडीलाही सांगून ठेवता येतं. सांबाच्या सेवेला "सिस्टिमसीटीएल एडिट" नं एक जोडपत्र करा, त्यात युनिटच्या भागात "रिक्वायर्समाउंट्सफॉर" पुढं माउंट पॉइंटची वाट लिहा. मग सुरुवातीला ती डिस्क माउंट झाल्याशिवाय सांबा उठत नाही. एकाच सर्व्हरवर दोन-तीन डिस्क वेगवेगळ्या शेअरला असतील तर हे करू नका. एक डिस्क बिघडली म्हणून सगळ्यांचंच काम बंद पडेल. तिथं प्रीएक्झेकचा मार्ग बरा, तो शेअरपुरताच अडवतो.

डिस्क उशिरा माउंट झाली आणि सांबा आधीच चालू असेल तर माउंट झाल्यावर सांबा एकदा रीस्टार्ट करा, म्हणजे जुन्या जोडण्या खालच्या फोल्डरला धरून राहायला नकोत.

एनएफएस वापरत असाल तर

कॅड किंवा सिम्युलेशनची लिनक्स वर्कस्टेशनं असतील तिथं एनएफएस, म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर वाटून देणारा प्रोटोकॉल, असतो. १९८४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जन्मलेला हा प्रोटोकॉल, पण या घोळावरचा उपाय त्याच्या एक्सपोर्टच्या (फोल्डर क्लायंटना देण्याच्या) पर्यायांतच दिलेला आहे: एक्सपोर्टच्या ओळीत "माउंटपॉइंट" हा शब्द, किंवा थोडक्यात "एमपी". तो लिहिला की त्या जागी खरोखर डिस्क माउंट असेल तरच ती एक्सपोर्ट होते. इतका उपयोगी पर्याय इतक्या कमी ठिकाणी वापरलेला दिसतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

इथं सांबाच्या उलट करायचं. आतलं फोल्डर नाही, माउंट पॉइंटच एक्सपोर्ट करायचा. फाईल सिस्टिमचं फक्त एक फोल्डर एक्सपोर्ट केलं, आणि सबट्री तपासणी (मागितलेली फाईल त्याच फोल्डरमधली आहे का याची तपासणी) बंद असेल, जी आता मुळातच बंद असते, तर वाईट हेतूचा क्लायंट फाईल हँडल (फाईलची अंतर्गत ओळख) अंदाजानं बनवून त्याच फाईल सिस्टिमवरच्या इतर फाईलींपर्यंत पोचू शकतो. डिस्क माउंट नसताना एक्सपोर्ट झालं तर ती फाईल सिस्टिम म्हणजे तुमची सिस्टिम डिस्क असते. म्हणजे हा प्रश्न हरवलेल्या ड्रॉइंगपुरता राहत नाही, सर्व्हरच्या सुरक्षेचा होतो.

डिस्क बदलल्यावर किंवा पुन्हा माउंट केल्यावर क्लायंटवर "स्टेल फाईल हँडल" दिसलं तर सर्व्हरवर "एक्सपोर्टएफएस" ला "आरए" देऊन यादी ताजी करा आणि क्लायंटवर अनमाउंट करून पुन्हा माउंट करा.

क्लायंटवरही हाच खड्डा आहे हे विसरू नका. वर्कस्टेशन सुरू होताना सर्व्हर बंद असेल तर तिथलं माउंट पॉइंटही रिकामं राहतं आणि माणूस स्वतःच्याच डिस्कवर काम साठवत बसतो. तिथंही "सीएचॅटर" चं कुलूप लावा, किंवा एफएसटॅबमध्ये सिस्टिमडीचा ऑटोमाउंट पर्याय घाला. मग फोल्डरला हात लावला की माउंटचा प्रयत्न होतो आणि तो फसला की एरर येते. सर्व्हर बंद पडला की वर्कस्टेशन अडकून राहतं म्हणून काही जण "सॉफ्ट" पर्याय लावतात. कामाच्या फाईलींसाठी तो लावू नका. "हार्ड" मध्ये मशीन सर्व्हर परत येईपर्यंत थांबून राहतं. "सॉफ्ट" मध्ये लिहिणं अर्धवट सुटू शकतं, आणि प्रोग्रॅमनं ती एरर नीट हाताळली नाही तर फाईल खराब होते.

डिस्क काढताना

"टार्गेट इज बिझी" आलं की लोक "यूमाउंट" ला "एल" लावतात आणि केबल ओढतात. हे फार धोक्याचं आहे. "एल" नं डिस्क फक्त नजरेआड होते. ज्यांच्याकडे फाईली उघड्या आहेत ते तिच्यावर लिहीतच असतात, आणि नव्यानं येणाऱ्यांना खालचं रिकामं फोल्डर दिसतं. म्हणजे जो घोळ टाळायचा तोच आपण हातानं घडवतो.

कोण धरून बसलंय ते बघा. "एफयूजर" ला "व्हीएम" देऊन, किंवा "एलएसओएफ" नं. सांबासाठी "एसएमबीस्टेटस" तर कुणाच्या मशिनवर कुठली फाईल उघडी आहे ते दाखवतं, त्या माणसाला फोन करून बंद करायला सांगता येतं. आणि या सगळ्यांत कुणीच दिसत नसेल, तरीही डिस्क सुटत नसेल, तर एनएफएस आठवा. एनएफएसचा सर्व्हर कर्नलमध्येच चालतो, त्यामुळे "एलएसओएफ" मध्ये तो येत नाही. "एक्सपोर्टएफएस" ला "यू" देऊन आधी एक्सपोर्ट काढा, मग अनमाउंट होईल.

बॅकअप: इथं नुकसान कायमचं होतं

रात्रीचा "आरसिंक", त्याला "डिलीट" पर्याय. कामाची डिस्क माउंट नाही, मूळ फोल्डर रिकामं. आरसिंकच्या दृष्टीनं तुम्ही सगळ्या फाईली पुसल्या, म्हणून तो बॅकअपमधल्याही पुसतो. रिकामं फोल्डर ही त्याच्यासाठी चूक नाही. ज्या रात्री कामाची डिस्क कायमची गेली, त्याच रात्री बॅकअपही जातो.

इथंही आतलं फोल्डर द्या, "/एसआरव्ही/ड्रॉइंग/काम". ते सापडलं नाही तर आरसिंक एरर देऊन थांबतो, पुसत काहीच नाही. स्क्रिप्टच्या सुरुवातीला कामाची आणि बॅकअपची, दोन्ही डिस्क "माउंटपॉइंट" कमांडनं तपासा, एकही नसेल तर बाहेर पडा. बॅकअपची डिस्क नसली तर उलटं होतं, सगळा बॅकअप सिस्टिम डिस्कवर उतरतो आणि ती भरते. "मॅक्स डिलीट" ला एक मर्यादा घालून ठेवा. रोज तुमच्याकडे पाच-पन्नास फाईली पुसल्या जात असतील तर काही शे ही मर्यादा पुरे. आणि बॅकअपच्या डिस्कच्या माउंट पॉइंटलाही तेच "अधिक आय" चं कुलूप.

यूपीएस असेल तर तो सर्व्हरला यूएसबीनं जोडून "नेटवर्क यूपीएस टूल्स" बसवा. बॅटरी संपत आली की मशीन स्वतः नीट बंद होतं. नुसता यूपीएस पंधरा मिनिटं देतो, आणि दोन तास लाईट गेली तर शेवटी झटक्यानंच बंद पडतो.

चाचणी

हे सगळं केल्यावर शनिवारी संध्याकाळी सगळे गेले की सर्व्हर बंद करा, मोठ्या डिस्कची केबल काढा आणि सर्व्हर सुरू करा. "नोफेल" नीट असेल तर तो वाट बघून का होईना, सुरू होईल. एखाद्या विंडोज मशिनवरून ड्राइव्ह उघडा. एरर आली पाहिजे. रिकामं फोल्डर उघडलं तर सांबाची वाट किंवा प्रीएक्झेक चुकलंय. मग सर्व्हरवर रूट म्हणून माउंट पॉइंटमध्ये "टच" नं एखादी फाईल करून बघा. "ऑपरेशन नॉट परमिटेड" यायला हवं. बॅकअपची स्क्रिप्ट हातानं चालवा, ती काही न करता बाहेर पडली पाहिजे. एनएफएस असेल तर क्लायंटवरून माउंट करून बघा, ते नाकारलं गेलं पाहिजे.

चारही ठिकाणी नकार मिळाला की सर्व्हर बंद करून केबल जोडा, सुरू करा, "फाइंडएमएनटी" बघा, आणि विंडोजवरून एक फाईल उघडून, बदलून, सेव्ह करून खात्री करा. पुढं कधी मोठी डिस्क बदललीत तर एफएसटॅबमधली यूयूआयडी आणि नव्या डिस्कवरचं "काम" फोल्डर एवढंच नव्यानं करायचं. माउंट पॉइंटचं कुलूप सिस्टिम डिस्कवर आहे, ते तसंच राहतं. सिस्टिम डिस्क बदललीत किंवा उबुंटू नव्यानं टाकलंत तर मात्र ते कुलूप पुन्हा लावायचं.